मातीत राहणारे बेडूक: तुमचे अनुभव लिहा

काल पहिला पाऊस पडला, मातीचा वास आला आणि मुलुंडची आमची चाळ आठवली. मी दुसरीत. आजी अळूच्या वाफ्यात खुरपं मारत होती, तर एक ढेकूळ निघालं. ते ढेकूळ श्वास घेत होतं! लिंबाएवढं, गुबगुबीत, तोंड आखूड. आजीने ओंजळीत धरून परत ठेवलं. पठ्ठ्या उडी मारून पळाला नाही. बसल्या जागी मागचे पाय आळीपाळीने हलवत पाठमोराच मातीत उतरला. शेवटी नुसते डोळे दिसत होते, मग तेही गेले. पुढे वाचलं, टाचेपाशी फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, त्याने उकरतात. कोरडे महिने खालीच काढायचे, पाऊस आला की वर. तुम्ही पाहिलेत?

मीनल_बोरिवली: होऽऽ! आम्ही नॅशनल पार्कला लागून. रात्रभर ओरडा चालू, लेक झोपेना. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

तबेलेवाला: आरेत खड्ड्यात पिवळेधमक बघितलेत, गळ्याशी दोन निळे फुगे. हळद लावलेले नवरदेव म्हणायचो आम्ही.

सह्यभटक्या: @तबेलेवाला ते बुलफ्रॉगचे नर, विणीपुरते पिवळे होतात. ताईंचा वेगळा. मातीतला खरा राजा केरळातला जांभळा बेडूक, शास्त्रीय नावातच सह्याद्री! २००३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. वाळवी खातो, वर्षातले मोजके दिवस वर येतो.

नाना६२: बुलफ्रॉगचे पाय आपल्याकडून परदेशात जायचे. १९८७ ला निर्यातबंदी आली. फार बरं झालं. शेतातले किडे खाणार कोण?

चाळकरी: मुलुंडची कुठली चाळ ताई? पूर्व की पश्चिम? आम्ही स्टेशनजवळ होतो, ८४ पर्यंत.

धागाकर्ती: पूर्व! विहिरीजवळची. वाफ्यावर आता पेव्हर ब्लॉक आहेत हो. परवा गेले होते, उभं राहवेना.

चाळकरी: विहिरीजवळची म्हणजे पिठाची गिरणी होती तीच ना? व्यनि (खाजगी निरोप) करतो.

मीनल_बोरिवली: आले. मागच्या वर्षी जिन्याच्या ट्यूबलाइटखाली पंखवाल्या वाळवीचा खच पडला होता. तिथे तुमच्या बेडकासारखाच एक गोळा बसलेला. जीभ दिसायचीच नाही, फक्त वाळवी नाहीशी व्हायची. लेकीने ३१ मोजल्या. सोसायटी खालच्या बागेतही फरशी घालतेय, रविवारी मीटिंग आहे. आजीचं ढेकूळ तिथे वाचून दाखवू का?

धागाकर्ती: दाखव गं. नक्की दाखव.