निसूर चौकाचं काय?

युद्धक्षेत्रात नेमलेले खासगी कंत्राटी रक्षक सैन्यापेक्षा स्वस्त पडतात, असं म्हटलं जातं. हा मुद्दा घटकाभर मान्य करू. पण त्यांनी निरपराध माणसं मारली, तर खटला कुठे चालवायचा? १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या लोकांनी १७ इराकी नागरिक गोळ्या घालून मारले. त्यात लहान मुलंही होती. इराकी न्यायालयांना त्यांना हातही लावता आला नाही, कारण इराक ताब्यात घेतल्यावर अमेरिकेने तिथे नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने जून २००४ मध्येच आदेश क्र. १७ काढून अशा कंत्राटदारांना तिथल्या कायद्यातून सूट दिली होती. अमेरिकेत त्यांच्यातले चौघे दोषी ठरले ते थेट २०१४ मध्ये. त्यासाठी इराकी साक्षीदार बगदादहून वॉशिंग्टनला गेले होते. आणि डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी चौघांनाही माफी देऊन टाकली! संतापच येतो.