हिवाळ्यात मॉन्स्टेराची पाने पिवळी पडत आहेत. पाणी वाढवावे की कमी करावे?

प्रश्न

माझ्याकडे मॉन्स्टेराचे चार वर्षांचे झाड आहे. आईने आपल्या झाडाची फांदी तोडून दिली होती, तिच्यापासून मी ते वाढवले, त्यामुळे त्याचा जीव वाचवण्याची मला फार तळमळ आहे. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी पाणी देण्याचा क्रम त्याला मानवला होता आणि नवी पानेही नियमित येत होती. थंडी पडल्यापासून मात्र पाच आठवड्यांत खालची तीन पाने एकामागून एक पिवळी पडली आणि चौथ्याच्या कडेला तपकिरी डाग उमटला असून त्याभोवती पिवळी किनार दिसते. संध्याकाळी खोलीत हीटर चालू असतो, तेव्हा हवा कोरडी पडली असावी असे समजून मी रोज पानांवर पाणी फवारू लागले, दर तीन दिवसांनी पाणी घालू लागले आणि झाडाला बळ यावे म्हणून दोनदा पातळ खतही दिले. तरीही पाने लोंबलेलीच आहेत. माती हाताला ओली लागते, मग झाड तहानलेले का दिसते?

प्रतिसाद १

माती ओली असूनही पाने लोंबत असतील, तर पहिला संशय मुळांवर घ्यावा. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की तो कोंडतो, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यात पसरतो. गुदमरलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभे असलेले झाडही वर तहानलेले दिसते, आणि आपण कळवळून आणखी पाणी घालतो.

हिवाळ्यात हे घडण्याचे मुख्य कारण, माझ्या मते, थंडीपेक्षाही उजेड हे आहे. दिवस लहान होतो, ऊन तिरपे होते, पानांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते आणि पानांवाटे बाहेर पडणारी वाफही घटते. झाड पाणी कमी उचलते, त्यामुळे जी कुंडी उन्हाळ्यात चार दिवसांत सुकत होती तिला आता दोन किंवा तीन आठवडेही लागू शकतात. शेतीत ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळती असण्याची स्थिती, तीच कुंडीतही हवी. पाणी वाराने किंवा तारखेने देऊ नये. बोट दोन पेरे आत खुपसून माती कोरडी लागली तरच द्यावे. कुंडी खोल असेल तर लाकडी काडी तळापर्यंत घालून ती ओली निघते का ते पाहावे.

खत तूर्त पूर्ण बंद करावे. वाढ थांबलेल्या झाडाला ते वापरता येत नाही, आणि मातीत साचलेले क्षार मुळांना आणखी भाजतात. कुंडी एखाद्या शोभेच्या भांड्यात ठेवली आहे का आणि त्याच्या तळाशी पाणी साचले आहे का, हे कृपया पाहून कळवावे.

प्रतिसाद २

वरील निदान मला पटते. मला केवळ जागेविषयी लिहायचे आहे. खिडकीपासून मागे सरकावे तसा उजेड झपाट्याने घटतो, पण आपल्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, म्हणून हिवाळ्यात झाड खिडकीच्या जवळ आणावे. मात्र पान काचेला टेकू देऊ नये, कारण रात्री काच खोलीपेक्षा बरीच गार होते आणि टेकलेल्या जागी पान काळे पडते. मॉन्स्टेरा हा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या उष्ण जंगलांत खोडांवर चढणारा वेल आहे. त्याला 18 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवते, 15 च्या खाली वाढ जवळजवळ थांबते आणि 10 च्या खाली इजा होऊ लागते. हीटरचा झोतही अंगावर येता कामा नये.

फवारणीने वाढलेला ओलावा फार वेळ टिकत नाही. त्यापेक्षा ओल्या मऊ फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत. धूळ जाऊन उजेड पोहोचतो आणि पानांची मागची बाजूही नजरेखालून जाते. कोरड्या उबदार हवेत लाल कोळी ही कीड तिथेच वाढते. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. पडलेले ठिपके चालू लागले तर ती कीडच समजावी.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. बाहेरच्या भांड्यात दोन बोटे पाणी साचलेले निघाले आणि त्याला कुबट वास येत होता. कुंडी उलटी करून पाहिले तर वरची मुळे पांढरी व टणक आहेत, पण तळची तपकिरी झाली असून चिमटीत धरून ओढल्यावर त्यांची साल सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. कुंडी बदलण्यासाठी उन्हाळ्याची वाट पाहावी का?

प्रतिसाद १

वाट पाहू नये. निरोगी झाडाची कुंडी हिवाळ्यात बदलू नये हे खरे, पण सडणाऱ्या मुळांना तो नियम लागू नाही. हातमोजे घालावेत, कारण या झाडाच्या चिकाने त्वचेची आग होते. स्वच्छ कात्रीने मऊ झालेली सगळी मुळे टणक भागापर्यंत कापावीत आणि उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल अशी, तळाला भोके असलेली लहान कुंडी घ्यावी. मोठ्या कुंडीतील जादा माती ओल धरून ठेवते आणि पुन्हा तोच प्रसंग येतो. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि झाडाच्या सालीचे तुकडे भरपूर मिसळावेत, म्हणजे निचरा चांगला राहतो.

आईची आठवण म्हणून आणखी एक सुचवावेसे वाटते. शेंड्याकडील एक निरोगी पान, त्याच्या पेरासह (पान खोडाला जुळते तो सांधा) आणि हवाई मुळासह (खोडातून बाहेर हवेत वाढणारे मूळ) कापून, कोमट पाण्याच्या बाटलीत उजेडात ठेवावे आणि पाणी दर आठवड्याला बदलावे. हिवाळ्यात मुळे फुटायला महिना दीड महिना किंवा अधिकही लागेल, पण मूळ झाड दगावले तरी त्याचा अंश हाती राहील.

पिवळी पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत. शेंड्याशी नव्या पानाची गुंडाळी दिसली की मुळे सावरली असे समजावे, आणि ते पान पूर्ण उलगडल्यानंतरच खत अर्ध्या मात्रेने सुरू करावे.