ग्रेची ‘एलेजी’ गटात वाचायची आहे: यात श्रद्धा नेमकी कुठे डळमळते?

पिंपळपार
वाचनगटाच्या पुढच्या बैठकीत अठराव्या शतकातला इंग्रज कवी थॉमस ग्रे याची ‘एलेजी रिटन इन अ कंट्री चर्चयार्ड’ (खेड्यातल्या चर्चच्या आवारात लिहिलेलं शोकगीत) घ्यायचं ठरलंय. दीड तास हाताशी आहे, दहा-बारा जण येतील. बहुतेकांनी ती कॉलेजात परीक्षेपुरती वाचलेली, त्यामुळे ‘गरिबांच्या कबरींबद्दल कणव’ एवढ्यावरच गाडी अडेल अशी धास्ती आहे. विषय ठेवलाय निसर्ग, मरण आणि डळमळणारी श्रद्धा. पण कवितेचा शेवट तर थेट देवाच्या कुशीत होतो. मग श्रद्धा डळमळते कुठे? की हे नंतरच्या टीकाकारांनी चिकटवलंय? 128 ओळी मोठ्याने कशा वाचाव्यात आणि जोडीला काय घ्यावं, हेही जाणकारांनी सांगावं.

शिलालेख
चिकटवलेलं नाही. पण शेवटच्या ओळीपासून सुरुवात केलीत तर हाती लागणार नाही. आधी चौथं आणि पाचवं कडवं घ्या.

15व्या ओळीत गावचे पूर्वज आपापल्या अरुंद कोठडीत ‘फॉर एव्हर’, म्हणजे कायमचे, निजवलेले आहेत. लगेच पुढच्या कडव्यात पहाटेचा वारा येतो, गवती छपराखालच्या पाकोळीची किलबिल येते, कोंबड्याची बांग येते, शिकाऱ्यांचं शिंग घुमतं. आणि यातलं काहीच त्यांना आता उठवणार नाही, असं ग्रे म्हणतो. हे ख्रिस्ती दफनभूमीत उभं राहून लिहिलंय. त्या धर्माच्या शिकवणीप्रमाणे शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की मेलेले उठणार आहेत. इथे बांग आहे, शिंग आहे, उठणं मात्र नाही. ग्रे पुनरुत्थान नाकारत नाही, त्याचं नावच घेत नाही. गटाला हा मुद्दा तुम्ही सांगू नका. “ही कबरस्तानातली कविता आहे, मग अपेक्षित असलेलं काय यात दिसत नाही?” एवढंच विचारा आणि थांबा.

दुसरं म्हणजे, तो सांत्वनं कोणती देतो त्याची यादी करायला सांगा. या लोकांना मोठेपणाची संधी मिळाली नाही, तशीच क्रौर्याचीही मिळाली नाही (57 ते 72). कुणीतरी त्यांची आठवण ठेवली, ओबडधोबड का होईना, दगड उभा केला (77 ते 92). स्वर्गाचं आश्वासन शेवटच्या ‘एपिटाफ’च्या, म्हणजे थडग्यावरच्या लेखाच्या, आधीच्या 116 ओळींत कुठेही नाही. 84व्या ओळीच्या आसपास थडग्यावरची बायबलची वचनं येतात खरी, पण ती मरावं कसं ते शिकवतात. पुढे काय, ते नाही.

आता सगळ्यात भक्कम पुरावा. ईटन कॉलेजात या कवितेचं जुनं हस्तलिखित आहे. त्यात 18व्या कडव्यानंतर आणखी चार कडवी येतात आणि कविता आधी तिथेच संपत होती, असं मानतात. त्यातल्या एका कडव्यात त्या जागेची पवित्र शांतता जमिनीतून हलकेच कुजबुजते आणि शाश्वत शांतीची हमी देते. छापताना ग्रेने ही चार कडवी ठेवली नाहीत. त्यातली एखादी शब्दकळा 19व्या कडव्यात वळती केली आणि तिथून पुढचा सगळा उत्तरार्ध नव्याने रचला: कवी स्वतःच मेलेला आहे, पिकल्या केसांचा एक शेतकरी कुणा वाटसरूला त्याच्याबद्दल सांगतो आहे, आणि शेवटी दगडावरचा मजकूर. म्हणजे श्रद्धेचा सरळ उच्चार होता तो गेला आणि त्या जागी एका माणसाचं मरण आलं. त्या मजकुरातही 127व्या ओळीत जी आशा आहे ती ‘ट्रेम्बलिंग होप’ आहे. थरथरते आहे. देवाची कुशी त्याच वाक्यात येते, म्हणून शेवटच्या दोन ओळी वेगळ्या तोडून वाचू नका.

ती चार कडवी एका स्वतंत्र कागदावर छापून न्या आणि 72व्या ओळीपर्यंत आल्यावर वाटा. आधी वाटलीत तर लोक दोन्ही शेवट एकत्र वाचतात आणि फरकाची धार जाते.

कातळफूल
वरचा प्रतिसाद उत्तम. त्याला जागेची थोडी जोड देते, कारण आपल्याकडे ही कविता बहुधा चुकीचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून वाचली जाते. मुंबई-गोव्याची दफनभूमी म्हटलं की ओळीने मांडलेले क्रूस आणि भिंतीतले अस्थींचे कोनाडे आठवतात. इंग्लंडमधलं खेड्यातलं चर्चयार्ड म्हणजे चर्चच्या भोवतीचं गवताळ आवार. शतकानुशतकं त्याच जमिनीत पुन्हा पुन्हा पुरलं गेल्याने माती साचते आणि कित्येक ठिकाणी आवार शेजारच्या वाटेपेक्षा उंच झालेलं दिसतं. 14व्या ओळीतली उंचवट्यांनी फुगलेली हिरवळ ती हीच. अनेक उंचवट्यांवर दगडच नसायचा. श्रीमंतांना चर्चच्या आत, फरशीखाली किंवा तळघरात जागा मिळे. त्यामुळे 39-40व्या ओळींतली लांबलचक मार्गिका आणि नक्षीदार छत आतलं, आणि बाकीची कविता भिंतीबाहेरची. पाटीवर नुसता चौकोन काढून ‘आत’ आणि ‘बाहेर’ लिहिलंत तरी 29 ते 44 या ओळी आपोआप उलगडतात.

मृताचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. उठून बसला की तोंड पूर्वेकडे व्हावं, म्हणून. म्हणजे पुनरुत्थानाची अपेक्षा त्या जमिनीच्या मांडणीतच आहे, आणि म्हणून ग्रेचं न बोलणं जास्त ऐकू येतं.

झाडांबद्दल. 13व्या ओळीत एल्म आणि यू आहेत. यू सदाहरित असतो, शेकडो वर्षं जगतो, आतून पोकळ झाला तरी नव्या फांद्या धरतो. त्याची पानं आणि बी विषारी, गुरांनी खाल्लं तर मरतात. फळाभोवतीचा लाल गर तेवढा बिनविषारी. हिमालयातला थुनेर त्याचाच भाऊबंद, उत्तराखंडात फिरलेल्यांनी पाहिला असेल. मरणाचं आणि अमरत्वाचं झाड एकच, म्हणून या परंपरेतल्या कवींना यू सोडवत नाही. एल्म मात्र आज शोधू नका. 1970च्या दशकातल्या बुरशीच्या साथीत इंग्लंडमधले बहुतेक एल्म गेले.

ग्रे गावाचं नाव देत नाही, पण परंपरेने ही जागा बकिंगहॅमशरमधल्या स्टोक पोजेसची मानतात. तिथे चर्चच्या पूर्व भिंतीबाहेर विटांच्या थडग्यात त्याची मावशी आणि आई आहेत, आणि 1771पासून तोही. आईसाठीचा लेख त्यानेच लिहिला: अनेक मुलांची प्रेमळ आई, त्यांपैकी एकालाच तिच्यामागे उरण्याचं दुर्दैव लाभलं, अशा अर्थाचा. बारा मुलांतला तो एकटा जगला होता. त्याचं स्वतःचं नाव त्या थडग्यावर नाही. समोरच्या भिंतीवर नंतर लावलेल्या पाटीवर ते आहे. 81व्या ओळीतलं ‘नाव आणि वर्षं’ वाचताना हे सांगण्यासारखं आहे.

लघुगुरू
मोठ्याने वाचण्याबद्दल. सावकाश वाचली तर पूर्ण कविता सात-आठ मिनिटांत होते, त्यामुळे एकदा सलग वाचाच. तुकड्यातुकड्यांनी दहा जणांत वाटून दिली तर आवाज बदलताना सूर तुटतो. त्यापेक्षा दोन वाचक ठेवा: एक 1 ते 92, दुसरा 93पासून. 93व्या ओळीत अचानक ‘दी’, म्हणजे ‘तू’ येतो आणि कविता कवीकडे वळते. आवाज तिथे बदलला की ऐकणाऱ्याला वळण कळतं.

ओळीत दहा अक्षरं, आघात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्यावर. आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखं वजन देतो आणि ओळीच्या शेवटी सवयीने थांबतो. पहिल्या कडव्यात ते खपतं, कारण तिथे ओळ आणि अर्थ एकत्र संपतात. 61 ते 65 मध्ये मात्र घोटाळा होतो. चार ओळी नुसती कर्मं येत राहतात: सभागृहांच्या टाळ्या मिळवणं, संकटांना तुच्छ लेखणं, देशावर समृद्धीचा वर्षाव करणं, राष्ट्राच्या डोळ्यांत आपला इतिहास वाचणं. क्रियापद 65व्या ओळीच्या सुरुवातीला पडतं: नशिबाने मना केलं. 64व्या ओळीअखेर आवाज खाली आणलात तर अर्थ उलटतो, त्यांनी हे सगळं केलं असं ऐकू येतं. आवाज वरच ठेवून पुढच्या कडव्यात शिरायचं.

पहिल्याच ओळीतला ‘कर्फ्यू’ म्हणजे संचारबंदी नव्हे, हे आधी सांगून टाका. चूल झाकायची वेळ झाली म्हणून वाजणारी संध्याकाळची घंटा आहे ती.

पिंपळपार
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘आत’ आणि ‘बाहेर’ची कल्पना तर लगेच उचलतोय. एक शंका: 33 ते 36 या कडव्यात घराणी, सत्ता, सौंदर्य, संपत्ती अटळ घटकेची वाट पाहतात, असंच ना? आणि जोडीच्या कवितेचं राहिलंच.

शिलालेख
उलटं आहे. प्रमाण पाठात क्रियापद एकवचनी, ‘अवेट्स’. म्हणजे कर्ता ‘अटळ घटका’. ती घटका त्यांच्या वाटेवर टपून बसलेली आहे. या सगळ्यांना मरणाची कल्पनाच नाही, वाट कसली पाहतील? काही आवृत्त्यांत शेवटचा ‘एस’ गळलेला सापडतो, तेव्हा छापील प्रत एकदा तपासून घ्या.

पानगळ
जोडीला काय, यावर माझं मत ठाम आहे: एकाच बैठकीत दोनाहून जास्त नकोत. टेनिसनचं ‘इन मेमोरियम’ (1850) मोहात पाडेल. त्यात यूला उद्देशून लिहिलेले तुकडे आहेत (दुसरा आणि 39वा) आणि श्रद्धा उघडपणे कोसळते ते 54 ते 56. पण ते 131 तुकड्यांचं काम आहे. त्याची चव तासाभरात कळत नाही, ते पुढे स्वतंत्र घ्या.

निसर्ग आणि मरण यांसाठी हार्डीची ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’ (1917). सहा ओळींची तीनच कडवी. यूचा एक भाग म्हणजे आजोबांच्या ओळखीचा एक माणूस, गवतात गेल्या शतकात चिरशांती मागणारी बाई, गुलाबात कदाचित एक देखणी मुलगी. मेलेली माणसं जमिनीखाली नाहीत, वरच्या हवेत वाढणाऱ्या झाडापानांच्या शिरांत आहेत. ग्रे जे उठणं सांगत नाही ते हार्डी सांगतो, फक्त देवाला बाजूला ठेवून मुळांच्या वाटेने. ‘कदाचित’ हे शब्द अधोरेखित करायला सांगा. हार्डी खात्री देतो आणि मध्येच ती सैलही करतो.

श्रद्धेसाठी लार्किनची ‘चर्च गोइंग’ (1955च्या संग्रहातली). नऊ ओळींची सात कडवी. सायकलवरून आलेला माणूस आत काही चाललेलं नाही याची खात्री करून रिकाम्या चर्चमध्ये शिरतो, डोक्यावर टोपी नाही म्हणून पँटला लावलेल्या क्लिपा आदराने काढतो, दानपेटीत आयरिश सहा पेन्सांचं नाणं टाकतो. इंग्लंडमध्ये ते चालणारं नाणं नाही. पहिली दोन कडवी लोक विनोदी म्हणून वाचतात आणि तिथेच घसरतात, कारण मग शेवटचं कडवं उपरं वाटतं. क्लिपा काढण्यात आदर खरा आहे, हे आधी धरा. शेवटच्या ओळीत भोवती पुरलेली माणसं येतात: ही जागा शहाणं व्हायला योग्य, निदान इतके मेलेले भोवती पडलेत म्हणून तरी. ग्रेच्या आवारातच ती ओळ उभी आहे. गटासाठी मी हीच निवडेन.

तिसऱ्या बैठकीची सोय हवी तर आर. एस. थॉमसची ‘इन चर्च’. हा वेल्समधला धर्मगुरू, स्वतःच्याच चर्चमध्ये प्रार्थनेनंतर एकटा थांबलेला, रिकाम्या क्रुसावर एकेक प्रश्न ठोकतो. मराठीतून तिच्यासमोर मर्ढेकरांची ‘भंगु दे काठिण्य माझे’ ठेवा. दोघेही मागतात, मिळेल याची शाश्वती नसताना. बालकवींची ‘पारवा’ पुष्कळांना ग्रेच्या घुबडामुळे आठवेल. खिन्नता जुळते खरी, पण ‘पारवा’त मृतांचा गाव नाही आणि देवाशी हिशेबही नाही, म्हणून ती इथे नको.

प्रती काढताना एक बघा: ग्रे, टेनिसन, हार्डी यांच्या कविता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. लार्किन 1985 साली गेला, थॉमस 2000 साली. दोघांचे हक्क अजून चालू आहेत. त्यांच्या कवितांच्या प्रती वाटण्याऐवजी ग्रंथालयातून दोन-तीन पुस्तकं आणून फिरवा.