तिसऱ्या वर्षीही प्रमोशन हुकणार असं दिसतंय, कोणता कोर्स करू? (तातडीने मदत हवी)

अडकित्ता (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ११:४२
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. गेली दोन वर्षं माझं नाव वर जातं आणि तसंच परत येतं. आज मॅनेजर म्हणाले, "या वेळीही अवघड दिसतंय, तुझी व्हिजिबिलिटी कमी पडते." म्हणजे काय विचारलं तर नुसते हसले. माझ्यानंतर तीन वर्षांनी आलेला मुलगा लीड झालाय आणि मला "जरा पाच मिनिटं कॉलवर ये" म्हणतो.
प्रश्न एवढाच आहे : क्लाउडचं सर्टिफिकेशन करू की एआयचा कोर्स? शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. कृपया "दोन्ही करा" सांगू नका, वेळ नाही.

नलपॉइंटर · ११:५८
कशात काम करता? किती वर्षं? तांत्रिक बाजूनेच वर जायचंय की माणसं सांभाळायचीत? आणि शुक्रवारी काय आहे? धाग्यात उत्तर देण्याजोगं काहीच नाहीये.

ढगांच्या_वर · मंगळवार, सकाळी ७:१०
क्लाउड. डोळे झाकून. ॲमेझॉनच्या क्लाउडचं सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट हे सर्टिफिकेशन करा. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास. मी ऑफिस सांभाळून दीड महिन्यात केलं आणि पुढच्याच वर्षी वरची ग्रेड मिळाली.

जुनं_खोड · ७:३५
सर्टिफिकेटमुळे मिळाली की सर्टिफिकेटनंतर मिळाली? दोन्हींत फरक आहे. शिवाय ते तीन वर्षांत बाद होतं, परत परीक्षा. कोबोल (मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवरची जुनी भाषा) १९५९ मध्ये आलं, अजून लोक त्यावर पगार घेतायत. मी तरी धागाकर्त्याला मेनफ्रेम शिकायला सांगेन. स्पर्धाच नाही.

रोज_दोन_प्रॉब्लेम · ७:५२
कंपनी बदला. आतल्या आत प्रमोशन मागत बसण्यापेक्षा बाहेरून वरच्या पदावर येणं सोपं. मुलाखतीसाठी रोज दोन कोडिंगचे प्रॉब्लेम, चार महिने. ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग सोडू नका.

ढगांच्या_वर · ८:०४
@जुनं_खोड, इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला मेनफ्रेम शिकायला सांगताय? कमाल आहे.

अडकित्ता · ९:२०
जावा. ९ वर्षं, त्यातली ६ इथेच. जावा ८, स्ट्रट्स १ (जावातलं वेबसाठीचं जुनं फ्रेमवर्क), रात्रीचे बॅच जॉब (आपोआप चालणारी मोठी कामं). मॅनेजर व्हायचं नाही. पण याचा प्रश्नाशी काय संबंध? क्लाउड की एआय, एवढंच सांगा.

नलपॉइंटर · ९:४१
संबंध आहे हो. स्ट्रट्स १ चा सपोर्ट २०१३ मध्येच संपला. जावा ८ आलं २०१४ साली, त्यानंतर ११, १७, २१ अशा दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या येऊन गेल्या. तुम्ही दिवसभर ज्यात हात घालता ते एका बाजूला आणि कोर्स दुसऱ्याच बाजूला. सर्टिफिकेट मिळालं तरी सोमवारी उठून परत बॅच जॉबच बघणार ना? मग शिकलेलं वापरणार कुठे?
शुक्रवारचं अजून सांगितलं नाहीत.

अडकित्ता · ९:४४
शुक्रवारी सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. त्यात "नवीन कौशल्ये" असा रकाना आहे, तो दरवर्षी रिकामा जातो. म्हणून कोर्स.

मधली_सुट्टी · ११:१५
आता कळलं. मी अशा प्रमोशनच्या पॅनलवर बसलेली आहे, त्यामुळे पलीकडून काय दिसतं ते सांगते. पॅनलमधल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं. प्रत्येक नावाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तुमचा मॅनेजर तिथे तुमची वकिली करतो, आणि त्याच्या हातात काय असतं? तुम्हीच भरलेला फॉर्म. त्यात दम नसेल तर बिचारा काय बोलणार, "मुलगा चांगला आहे"? सगळेच चांगले असतात.
गेल्या वर्षी फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं? कंपनीचं नाव काढून, आहे तसं इथे टाका.

अडकित्ता · दुपारी १:०५
"सर्व बॅच जॉब्स सुरळीत चालवले. प्रॉडक्शनमधील अडचणी वेळेत सोडवल्या. टीमला सहकार्य केले."
त्याच्या आदल्या वर्षीही हेच. खरं सांगायचं तर कॉपी पेस्ट.

नलपॉइंटर · १:०९
हे वाचून मीसुद्धा तुमचं प्रमोशन नाकारलं असतं. (हलकेच घ्या.)

मधली_सुट्टी · १:३०
"अडचणी" म्हणजे कोणत्या? एक सांगा. मोठीच हवी असं नाही.

अडकित्ता · १:५२
अशा खूप आहेत. उदा. महिनाअखेरच्या बिलांचा जॉब. आधी ४ तास १० मिनिटं लागायची, आता ३५ मिनिटांत होतो. प्रत्येक ग्राहकासाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी मारत होता. मी हजार-हजारच्या गठ्ठ्यात डेटा उचलायला लावला आणि एक इंडेक्स टाकला. शिवाय आधी जॉब मधेच पडला की पहिल्यापासून सुरू करावा लागायचा आणि काही लोकांना दोन-दोन बिलं जायची. आता जिथे पडला तिथून पुढे जातो. त्यात विशेष काही नाही, बदल मोजून साठेक ओळींचा होता.

जुनं_खोड · २:०१
"त्यात विशेष काही नाही". अहो!! लोक याच्यावर तासाभराची प्रेझेंटेशनं देतात.

मधली_सुट्टी · २:२०
हे फॉर्ममध्ये का नाही?

अडकित्ता · २:२३
ते माझं कामच आहे ना. आपलं काम केलं म्हणून टिमकी काय वाजवायची.

मधली_सुट्टी · २:४०
टिमकी वाजवू नका, हिशेब द्या. काय होतं, काय केलं, काय झालं, पुरावा कुठे. दुहेरी बिलं गेल्यावर तक्रारी कोणाकडे यायच्या? त्यांच्याकडून दोन ओळींची मेल मिळाली तर माझ्या लेखी ती तीन सर्टिफिकेटांपेक्षा भारी. आधीच्या आणि नंतरच्या वेळा लॉगमध्ये आहेत का?

अडकित्ता · ३:१८
लॉग ९० दिवसांनी पुसले जातात. पण जुन्या तिकिटात स्क्रीनशॉट सापडला, ४:१० वाला. तक्रारी बिलिंग टीमकडे यायच्या. त्यांच्या लीडबाई भेटल्या की अजून हसून "तुमच्यामुळे झोप लागते" म्हणतात. त्यांना विचारतो.

मानदुखी · ३:३३
जाता जाता, इथे बरेच जण दिवसभर बसून काम करणारे दिसतायत म्हणून विचारतो, मॉनिटर डोळ्यांच्या पातळीला ठेवून कोणाला खरंच फरक पडलाय का?

नलपॉइंटर · ३:३५
वेगळा धागा काढा.

जुनं_खोड · ३:४०
पडतो. वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. आणि लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड लावा, नाहीतर उपयोग शून्य.

आता मूळ विषय. अडकित्ता, तुम्ही रजेवर असताना बॅच पडली तर कोण बघतं?

अडकित्ता · ४:०२
मीच. लॅपटॉप बरोबर असतो. पायऱ्या माझ्या वहीत आहेत, इतरांना ते जमत नाही.

जुनं_खोड · ४:१५
सापडलं दुखणं. तुम्हाला वर नेलं तर रात्री दोन वाजता उठणार कोण? हा प्रश्न तुमच्यासमोर कोणी विचारणार नाही, पण मनात प्रत्येकाच्या असणार. तुमच्यावाचून अडतं म्हणूनच तुम्हाला हलवत नाहीत. मी या खड्ड्यात सात वर्षं काढलीत.

रोज_दोन_प्रॉब्लेम · ४:२८
साफ असहमत. वही दुसऱ्याच्या हातात दिली की तुमची गरज संपली. पुढच्या कपातीत पहिलं नाव तुमचं. आधी बाहेरची ऑफर हातात घ्या, मग वही द्या.

जुनं_खोड · ४:३६
कपात करणारा वही बघून करत नाही, पगाराचा आकडा बघून करतो.

ढगांच्या_वर · ४:५०
दोघंही विषय भरकटवताय. प्रश्न कोर्सचा होता.

नलपॉइंटर · ५:१२
प्रश्न चुकला असेल तर उत्तर कशाला बरोबर द्यायचं?
अडकित्ता, "नवीन कौशल्ये" हा रकाना पुढच्या वर्षी भरायचा असेल तर तुमच्याच ताटातलं उचला : जावा ८ वरून १७ वर जायचा दोन पानी प्रस्ताव. जावा ११ मध्ये जाक्सबी (एक्सएमएल हाताळणारी लायब्ररी) जावातून काढून टाकलं, त्यामुळे एक्सएमएल वाचणारा जुना कोड तिथेच अडकेल, ती लायब्ररी वेगळी जोडावी लागेल. टॉमकॅट (जावाची वेब ॲप चालवणारा सर्व्हर) १० वर थेट उडी मारू नका, तिथे कोडमधली 'जावाएक्स'ने सुरू होणारी नावं 'जकार्ता' झालीत आणि स्ट्रट्स १ जुनीच नावं वापरतं. तोवर टॉमकॅट ९ वर राहून आधी बॅच हलवा, मग वेब. काय मोडेल, किती दिवस, मागे कसं फिरायचं, एवढं लिहा. वरच्या पदाचं काम म्हणजे हेच, पद मिळायच्या आधी करून दाखवायचं.

मधली_सुट्टी · ५:३०
+१. आणि मॅनेजरला "मला प्रमोशन का नाही" असं विचारू नका. "वरच्या पदाच्या अपेक्षांपैकी कोणत्या दोन मी पूर्ण करत नाही" असं विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या. हसून टाळणं मग जरा कठीण जातं. या वर्षी होईल असं मात्र सांगत नाही. एका फॉर्मने दोन वर्षांचं कॉपी पेस्ट भरून निघत नाही.

टेस्टर_ताई · रात्री ९:०५
माझंही अगदी असंच आहे हो, फक्त मी टेस्टिंगमध्ये. सापडलेले बग कोणाला आठवतात, सुटलेला एक बरोबर आठवतो. मी काय लिहू फॉर्ममध्ये?

मधली_सुट्टी · ९:२०
@टेस्टर_ताई, रिलीजच्या आधी पकडलेला एखादा बग निवडा, जो सुटला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं ते सांगता येईल. सविस्तर लिहायला वेगळा धागा काढा, येते मी तिथे.

अडकित्ता · गुरुवार, रात्री १०:५०
अपडेट. मॅनेजरना मेल केली. उत्तर आलं : "डिझाइनच्या चर्चेत मत मांडत नाही" आणि "ज्युनिअरना तयार करत नाही". दुसरं वाचून राग आला. मग वही आठवली.
फॉर्ममध्ये आता असं लिहिलंय : "महिनाअखेरच्या बिलांचा जॉब ४ तास १० मिनिटांवरून ३५ मिनिटांवर आणला. मधेच थांबल्यास आता थांबल्या जागेपासून पुढे चालतो. मार्चपासून एकही दुहेरी बिल गेलेलं नाही (बिलिंग टीमची मेल जोडली आहे)." मेलमध्ये लीडबाईंनी झोपेचं वाक्यही घातलंय, ते राहू दिलं.
वही टाइप करून टीममधल्या ज्युनिअर मुलीला दिली. आज रात्रीची बॅच ती बघतेय, मी फोन जवळ ठेवून बसलोय.

अडकित्ता · शुक्रवार, रात्री २:३४
पडली बॅच. तिचा फोन आला. चौथ्या पायरीत "फाइल पुसून परत चालवा" एवढंच लिहिलं होतं मी. कोणत्या सर्व्हरवरची फाइल ते लिहिलंच नव्हतं.

नलपॉइंटर · २:४१
इथे तरी कुठे लिहिलं होतंत.

अडकित्ता · २:५०
:) तिने ओळ घातली, जॉब पुढे गेला. अजून दोन ठिकाणी "हे कुठून आलं?" असं विचारलंय. झोपतो.

ढगांच्या_वर · सकाळी ७:०५
छान. पण कोर्स कोणता घेतलात शेवटी?