मदत हवी आहे: 'रत्सासन' आठवीतल्या मुलीला दाखवावा का?

सायली_त

नमस्कार मंडळी. ज्यांनी 'रत्सासन' हा तमिळ रहस्यपट पाहिला आहे त्यांचं मत हवंय आणि जरा लवकर हवंय, कारण शनिवारी घरात यावरून पुन्हा वाद होणार हे नक्की.

माझी मुलगी आठवीत आहे. रहस्यकथा म्हटलं की तिला दुसरं काही सुचत नाही. सिनेमा सुरू झाला की ही वही घेऊन बसते, संशयितांची नावं लिहिते आणि मध्यंतराच्या आत खुनी ओळखायचा प्रयत्न करते. वर्गातल्या मैत्रिणींनी हा सिनेमा हिंदी डबमध्ये पाहिलाय. डबा खाताना त्यांचं त्यावरच बोलणं चालतं आणि ही तिथून उठून जाते, कारण तिला शेवट कळायला नकोय. आमच्याकडे नियम असा आहे की असे सिनेमे आधी आम्ही दोघांनी बघायचे. त्याप्रमाणे आम्ही बघितला.

सिनेमा म्हणून मला तो फार आवडला. नायक अरुणला सिरीयल किलरवर सिनेमा करायचा असतो, त्यासाठी त्याने खऱ्या गुन्ह्यांची कात्रणं जमवून भिंत भरवलेली असते. निर्माते त्याला दारातून परत पाठवतात, वडिलांच्या जागी पोलिसात नोकरी धरावी लागते, आणि नेमकी ती कात्रणंच त्याला तपासात उपयोगी पडतात. ही कल्पनाच किती छान आहे! विष्णू विशालने हा नवखा सब-इन्स्पेक्टर कुठेही हिरो न होता केलाय. वरिष्ठ बाई चार लोकांत त्याचा पाणउतारा करतात तेव्हा तो नुसता उभा राहतो. मुलीला हे सगळं आवडेल याची मला खात्री आहे.

पण बळी पडणाऱ्या सगळ्या शाळकरी मुली आहेत. माझ्या मुलीच्याच वयाच्या, तसेच युनिफॉर्म, तशाच वेण्या. त्यात कमी मार्कांची भीती घालून मुलींना एकटं गाठणारा तो शिक्षक. अरुणची भाची अम्मू त्याच्यासमोर उभी आहे तो प्रसंग बघताना माझे हातपाय गार पडले होते. नवरा म्हणतो, "बाहेर हेच चालतं, तिला कळू दे." मला वाटतं, कळायला हवं हे खरं, पण ते असं, पार्श्वसंगीत लावून, अंधारात बसून कळायला हवं का?

तुम्ही मुलांबरोबर पाहिला असेल तर काय अनुभव? काही भाग पुढे पळवून दाखवता येतो का? की सरळ दुसरा एखादा तमिळ रहस्यपट द्यावा? एकच विनंती, खुनी कोण ते इथे लिहू नका. लेक माझ्या लॉगिनवरून धागे वाचते.

अड्यार_किनारा

सायलीताई, मी चेन्नईत राहतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये थिएटरात पाहिला होता. सुरुवातीला फार गाजावाजा नव्हता, मग ऑफिसात एकेकाने दुसऱ्याला सांगून सगळ्यांनी पाहिला. दिग्दर्शक रामकुमारचा आधीचा सिनेमा 'मुंडासुपट्टी' (२०१४) म्हणजे फोटो काढला की माणूस मरतो असं मानणाऱ्या गावाची धमाल गोष्ट, हिरोसुद्धा विष्णू विशालच. त्यामुळे लोक काहीशा हलक्याफुलक्या अपेक्षेने आले होते. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

माझं निरीक्षण सांगतो. मुलींचे खून पडद्यावर होताना जवळजवळ दाखवतच नाहीत. दिसते ती भेटीची खोकी, त्यातलं विद्रूप केलेलं बाहुलीचं डोकं, आणि नंतर मृतदेहाची ओझरती झलक. भीती बसते ती जिब्रानच्या संगीताने. ते पियानोचे सूर सुरू झाले की आमच्या रांगेत पॉपकॉर्नचा आवाजसुद्धा थांबायचा. म्हणून दृश्यं पुढे पळवून फारसा उपयोग नाही, कानांचं काय करणार? दाखवायचाच असेल तर दुपारी, पडदे उघडे ठेवून, टीव्हीच्या साध्या स्पीकरवर, आवाज कमी करून दाखवा. हेडफोन अजिबात नको.

माझ्या मते चौदाचं मूल हे पेलू शकतं. तुमची मुलगी वही घेऊन बसणारी आहे, ती घाबरण्याआधी विचार करेल.

बंडूचे_बाबा

मी स्पष्ट विरोधात. आमची मोठी नववीत असताना चुलत भावंडांबरोबर बघून आली. रात्रीची झोप वगैरे ठीक होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आला. मामाने कुरियरने भेट पाठवली होती, छान रिबन बांधलेलं खोकं. तिने ते टेबलावरच ठेवलं, उघडेना. लहान भावाला म्हणाली, "तू उघड, मी आत जाते." तेव्हा कुठे आम्हाला पत्ता लागला. त्यानंतर कितीतरी दिवस ती क्लासहून एकटी यायला तयार नव्हती. शेवटच्या वळणावर उभी राहून फोन करायची.

हा सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. उत्तम बांधलेला आहे, आणि म्हणूनच तो आत जाऊन बसतो. मोठी माणसं 'काय भारी केलंय' म्हणून बाजूला होतात. त्या वयाच्या मुलीला मात्र पडद्यावर ती स्वतःच दिसते. दोन-तीन वर्षं थांबल्याने काही बिघडत नाही. मैत्रिणींनी पाहिला म्हणून दाखवायचा, हे तर मला अजिबातच पटत नाही.

मंजिरी_शाळा

मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सायली, तुमची भीती खुनांबद्दल कमी आणि त्या शिक्षकाबद्दल जास्त आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, आणि ती बरोबर आहे. चेहरा झाकलेला खुनी मुलीला रोजच्या आयुष्यात भेटण्याची शक्यता फार कमी. हातात प्रगतिपुस्तक घेऊन "घरी सांगू का?" असं विचारणारा माणूस भेटू शकतो. सिनेमाने तो माणूस अगदी बारकाईने उभा केलाय. तो आरडाओरडा करत नाही, शिक्षा करत नाही, गोड बोलतो. कोणती मुलगी घरी बोलणार नाही हे त्याने आधीच हेरलेलं असतं. माझ्यासमोर बसलेल्या मुली जे सांगतात ते यापेक्षा फार वेगळं नसतं.

पण सिनेमाचं त्या भागाशी नातं मला कच्चं वाटलं. त्या शिक्षकाचा उपयोग शेवटी आपला संशय भलतीकडे वळवायला केलाय. तो पकडला जातो, थरार संपतो आणि कथा पुढे निघून जाते. ज्या मुलींना त्याने त्रास दिला त्यांचं पुढे काय, त्यांच्याशी कोण बोललं, इकडे सिनेमा वळून बघत नाही. प्रेक्षक म्हणून आपणही विसरतो, कारण खरा खुनी अजून मोकळा असतो. आठवीतली मुलगी मात्र तिथेच अडकून राहू शकते. तिच्या डोक्यात प्रश्न असेल, "माझ्या बाबतीत असं झालं तर मी कुणाला सांगू?"

म्हणून आधी ते बोलणं, मग सिनेमा. तिला साध्या शब्दांत सांगा की मार्क कमी पडले, खोटी सही केली, काहीही झालं तरी घरी सांगितल्यावर आधी आपण तिच्या बाजूने उभे राहू, मार्कांचं नंतर बघू. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यानुसार अशी गोष्ट कळलेल्या मोठ्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक तिला पाठ असू दे. हे बोलणं झालेलं असेल आणि ती मोकळेपणाने प्रश्न विचारत असेल, तर तुम्ही शेजारी बसून दाखवायला माझी हरकत नाही. तो प्रसंग पुढे पळवू नका. थांबवा आणि तिला विचारा, अम्मूच्या जागी तिच्या वर्गातली मुलगी असती तर ती गप्प का राहिली असती.

बंडूचे बाबा, तुमच्या मुलीला एकटं यायची भीती वाटत होती तेव्हा तुम्ही ती मोडून काढायची घाई केली नाही, हे फार बरं केलंत.

टिपकागद

सिनेमा अतिशय आवडलेल्यांपैकी मी. तरी शेवटच्या भागाबद्दल एक तक्रार नोंदवतोच. नाव घेत नाही, फक्त एवढंच म्हणतो की खुनी 'असा' का झाला याचं कारण त्याच्या आजारात, वेगळ्या दिसण्यात आणि त्यावरून झालेल्या चेष्टेत शोधलंय. अशा आजारासह जगणारी साधी, प्रेमळ माणसं असतात. त्यांच्याकडे बघून एखादं मूल घाबरलं तर ते या सिनेमाचं अपयश. मुलीला दाखवाल तेव्हा यावरही जरूर बोला.

शिवाय लांबी! तीन तासांना थोडा कमी. खुनी कळल्यानंतरचा पाठलाग वीसेक मिनिटं कापला असता तरी चाललं असतं. तोपर्यंतची पटकथा मात्र घट्ट आहे. प्रत्येक सुगावा आधी कुठेतरी पेरलेला आहे.

रंगीत_खडू

हिंदीत अक्षय कुमारचा 'कठपुतली' (२०२२) याच कथेवर आहे. गोष्ट कसौलीत नेलीय, लांबीही कमी आहे. त्याआधी २०१९ मध्ये तेलुगूत 'राक्षसुडु' आला होता. विषय सगळीकडे तोच, त्यामुळे सौम्य पर्याय म्हणून हिंदी निवडू नका. बघायचाच तर मूळ तमिळ, सबटायटल्ससकट. डबमध्ये अम्मूचा आवाज ऐकला आणि मी बंदच केला.

कोपऱ्यावरचा_वाचक

तुम्ही दुसरा सिनेमाही विचारलाय आणि तिकडे कुणी वळलंच नाही म्हणून लिहितो. तुमच्या वहीवाल्या मुलीला 'धुरुवंगल पथिनारु' द्या. डिसेंबर २०१६ चा, अवघा पावणेदोन तासांचा. दिग्दर्शक कार्तिक नरेन तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता, हे बघताना खरं वाटत नाही. अभिनेता रहमानने निवृत्त पोलीस अधिकाऱ्याचं काम केलंय. घरी आलेल्या एका तरुणाला तो कोइम्बतूरमधली जुनी केस सांगतो. एका रात्रीत घडलेल्या वेगवेगळ्या घटना, एक बेपत्ता मुलगी, रस्त्यावर सापडलेला मृतदेह, आणि प्रत्येक साक्षीदाराला दिसलेला फक्त एक तुकडा. रक्तपात कमी, डोक्याला खाद्य भरपूर. शेवटी तिला वहीतली अर्धी पानं खोडावी लागतील. एकतर्फी वेडाचा धागा त्यातही आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर सगळ्यांनी मिळून 'अंद नाळ' बघा. एव्हीएम स्टुडिओचा १९५४ चा सिनेमा. दिग्दर्शक एस. बालचंदर, हो, तेच थोर वीणावादक. काळ १९४३ चा, मद्रासवर जपानी बॉम्बचं सावट, आणि राजन नावाचा रेडिओ इंजिनियर घरात गोळी लागून मेलेला. ते काम शिवाजी गणेशनचं! त्या काळच्या तमिळ सिनेमात एकही गाणं नाही, नाच नाही, मारामारी नाही, ही केवढी हिंमत! घरातला आणि शेजारचा प्रत्येकजण आपापली हकिगत सांगतो आणि दर वेळी संशय दुसऱ्यावर जातो. सत्तर वर्षांनंतरही शेवटाला मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो.

'पोर तोळिल' (२०२३) कुणी सुचवेल, सरतकुमार आणि अशोक सेल्वनची जोडी त्यात झकास आहे, पण तोही सिरीयल किलरचाच. तो राहू द्या पुढे.

सायली_त

सगळ्यांचे मनापासून आभार. बंडूचे बाबा, त्या खोक्याचा प्रसंग वाचून मी नवऱ्याला दाखवला. तोही गप्प झाला.

मंजिरीताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. काल रात्री जेवण झाल्यावर मुलीशी बोलले. सिनेमाचं नाव काढलं नाही, शाळेबद्दल विचारत गेले. तिने स्वतःहून सांगितलं की क्लासमध्ये एक सर पेपर दाखवताना मुलींच्या फार जवळ उभे राहतात आणि सगळ्या मुली ठरवून जोडीजोडीने जातात. हे मला माहीतच नव्हतं. उद्या आम्ही दोघं क्लासच्या संचालकांना भेटायला जातोय. इतर पालकांशीही बोलणं झालंय.

'रत्सासन' आत्ता नाही असं ठरलं. कारण तिला सांगितलं. "आम्हाला आवडला, पण तो आपण नंतर मिळून बघू" म्हटल्यावर ती थोडी फुरंगटली, मग म्हणाली, तोपर्यंत मैत्रिणींनी शेवट फोडला तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शनिवारी 'धुरुवंगल पथिनारु' लावतोय. सुरुवातीला तिला काही सांगावं का?

मंजिरी_शाळा

सायली, उद्या जाताना मुलीने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून न्या, तारखेसह, आणि तिचं नाव क्लासमध्ये बाहेर पडणार नाही याची हमी आधी घ्या. टाळाटाळ झाली तर थेट पोलिसांकडे जा, १०९८ वरही मार्गदर्शन मिळेल. मला मेसेज केलात तरी चालेल.

कोपऱ्यावरचा_वाचक

काही सांगू नका. फक्त सबटायटल्स मोठ्या अक्षरात लावा आणि फोन बाजूला ठेवायला सांगा. वेळ, पाऊस, कोण कुठून आलं, सगळं महत्त्वाचं आहे. पेपर टाकणारा मुलगा बोलायला लागला की वही उघडी असू दे.