मदत हवी आहे: पावणेपाच वर्षांच्या लेकीला ईस्टर कसा समजावू? (तिचे आजोबा जूनमध्ये गेले)

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे वसईचे, सध्या पुण्यात. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारं किंवा या वयाची मुलं सांभाळलेलं कुणी असेल तर कृपया वाचा.

माझे वडील गेल्या जूनमध्ये गेले. दफनाच्या वेळी लेक माझ्या कडेवर होती. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, तिनेही टाकली. पावसामुळे माती कसली, चिखलच तो. बोटांना चिकटलेला चिखल तिने घरी येईपर्यंत मुठीत धरून ठेवला होता. नंतर तिने काहीच विचारलं नाही. आम्हाला वाटलं, लहान आहे, विसरली.

१८ फेब्रुवारीला राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादरनी कपाळाला राख लावली आणि "तू माती आहेस, मातीला मिळशील" म्हणाले. रांगेतून परतताना हिने भर चर्चमध्ये विचारलं, "ही आजोबांवरची माती का?" मी म्हटलं, नाही गं, मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून राख करतात. तेवढ्यावर निभावलं.

मग मी उत्साहाच्या भरात ईस्टरपर्यंतचे दिवस मोजायला भिंतीवर तक्ता लावला. चाळीस चौकोन आखले, तर ते ५ एप्रिलच्या ईस्टरपर्यंत पोचेनात. रविवार उपवासात धरत नाहीत हे लहानपणी पाठ होतं, साफ विसरलो होतो. सहा चौकोन कागदाला जोडले आणि पिवळे रंगवले. (बाईसाहेबांनी या काळात कारलं सोडलंय. चॉकलेटचा विषय निघाला की ऐकू येत नाही.)

तक्ता संपला की काय होणार, असं तिने विचारलं. मी सरळ सांगितलं: येशूला क्रुसावर मारलं, कबरीत ठेवलं, तिसऱ्या दिवशी तो उठला. तेव्हापासून रोज रात्री न चुकता चौकोन रंगवते. परवा माझ्या आईला फोनवर सांगत होती, "आजी, ईस्टरला आजोबांचा पण चहा ठेव." आई पलीकडे गप्पच झाली.

ईस्टरला आम्ही वसईला जाणार. दफनभूमी चर्चच्या मागेच आहे आणि आई मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर कबरीवर फुलं ठेवायला जाणारच. ही तिथे उभी राहून वाट बघेल, याची मला धास्ती आहे. उठणार नाहीत म्हणावं, तर आपण जे मानतो (मेलेले एक दिवस उठतील) तेच खोटं ठरतं. उठणार म्हणावं, तर त्या रविवारी काय करू?

शिवाय गावात गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेचा, म्हणजे येशू क्रूस घेऊन मरायला जातो त्या प्रसंगांचा, जिवंत देखावा असतो. न्यावं का तिला?

उत्तनकर
आधी एक: "आजोबा झोपलेत" असं चुकूनही म्हणू नका. माझ्या पुतण्याला कुणीतरी ते सांगितलं आणि पोर महिनाभर रात्री झोपायला तयार नव्हतं.

आता उठण्याचं. आमच्याकडे ऑक्टोबरात आगेरा असतो. शेतातल्या नव्या भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतात. तेव्हा बाकीचं शेत उभंच असतं, कापणी नंतर. बायबलमधल्या करिंथकरांच्या पत्रात पौल येशूला प्रथमफळ म्हणतो, ते हेच. लेकीला सांगा: येशू पहिलं कणीस. ते आलं म्हणजे बाकीचंही येणार, पण सगळं शेत एकाच दिवशी, देव ठरवेल तेव्हा. या ईस्टरला नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका, तिला तेच ऐकायची गरज आहे. आणि ५ तारखेच्या आधी, निवांत वेळी सांगा. कबरीपाशी उभं राहून नको.

मोगऱ्याची_आई
आम्ही घरी "आलेलुया" पुरतो. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या या उपवासाच्या दिवसांत) चर्चमध्ये आलेलुया, म्हणजे देवाच्या स्तुतीचा शब्द, म्हणत नाहीत ना, म्हणून मुलं तो शब्द कागदावर लिहून, रंगवून डब्यात घालून कुंडीत पुरतात आणि ईस्टरला सकाळी उकरून काढतात. मुलांना फार आवडतं, करून बघा.

धागाकर्ता
@मोगऱ्याची_आई, कल्पना गोड आहे, पण आमच्याकडे नको. पुरलेलं ईस्टरला उकरून काढायचं एकदा शिकली, की ती वसईला खुरपं घेऊन येईल!

मोगऱ्याची_आई
अरे देवा, खरंच की. लक्षातच आलं नाही. मग कपाटात वरच्या फळीवर ठेवा. गप्प बसलेला शब्द परत येतो, एवढं कळलं तरी पुरे.

सहज_आलो
एवढ्याशा पोरीला मरण वगैरे कशाला सांगायचं? मार्झिपानची अंडी आणा, ससा दाखवा, विषय संपला.

धागाकर्ता
अंडी आणणारच आहे. पण विषय मी काढलेला नाही, तिने काढलाय.

घटस्थापना
मी हिंदू आहे, लुडबुड वाटली तर सोडून द्या. नवरात्रात परडीत धान्य पेरतो तेव्हा माझा मुलगा रोज माती उकरून दाणे बघायचा. शेवटी काचेच्या वाटीत ओल्या कापसावर वेगळे गहू घालून दिले. दाणा सुरकुततो आणि त्यातूनच कोंब येतो, हे त्याला समोर दिसलं. मातीही नको आणि उकरणंही नको.

उत्तनकर
@घटस्थापना, लुडबुड कसली, योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाच्या दाण्याचा हाच दाखला आहे. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) भिजत घाला, ईस्टरपर्यंत चांगले वाढतील.

देखाव्याला मात्र नेऊ नका. फटके, रक्त, आरडाओरडा, मोठ्यांच्याही पोटात कालवतं. चर्चमधली चौदा स्थानं (क्रुसाच्या वाटेवरच्या प्रसंगांची चित्रं) दुपारी गर्दी नसताना दाखवा, आणि तीही सगळी नको. सिमोन क्रूस उचलायला मदत करतो ते, वेरोनिका तोंड पुसते ते. त्यापेक्षा शनिवारी रात्रीच्या मिस्साला न्या. बाहेर नवा अग्नी पेटवतात, काळोख्या चर्चमध्ये एकटी पास्काची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती आत येते, मग तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. ग्लोरियाला (स्तुतिगीताला) घंटा सुरू होतात, गुरुवारपासून मुक्या असतात त्या. शब्दांनी जमत नाही ते तिथे पोचतं. दुपारी झोपवा मात्र.

धागाकर्ता
काल कणसाचं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आजोबांना माहीत आहे का, की या वेळी नाही?" म्हटलं, माहीत असेल. तिने आजीला फोन लावायला सांगितला आणि चहा रद्द केला. आई रडली, पण नंतर म्हणाली, बरं झालं.

गहू आणलेत. शनिवारी रात्री नेतोय. मेणबत्ती तिच्या हातात द्यावी का? मेण बोटांवर गळेल.

मोगऱ्याची_आई
कागदी कपाच्या बुडाला भोक पाडून त्यातून मेणबत्ती घाला. आणि केस बांधा तिचे.