साथीचा सुरुवातीचा आलेख सारखाच, शिखर (पीक) मात्र वेगळं, मग प्लॅनिंग कशावर करायचं?

आलेखवेडा:
एसआयआर मॉडेल (लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले असे लोकांचे तीन गट धरणारं साथीचं गणित) स्वतः कोड करून बघतोय, एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. केसेस साडेपाच दिवसांत दुप्पट होतायत असं धरलं. आता माणूस सरासरी ४ दिवस संसर्ग पसरवतो म्हटलं तर आर नॉट (म्हणजे सुरुवातीला एक आजारी माणूस सरासरी किती जणांना लागण करतो तो आकडा) १.५ येतो, ८ दिवस म्हटलं तर २. सुरुवातीला दोन्ही आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात, पण पुढे पीकला एकात ६% लोक एकाच वेळी आजारी आणि दुसऱ्यात १५%. शेवटी एकूण लागण एकात ५८%, दुसऱ्यात ८०%. मग बेड ठेवायचे कोणत्या हिशोबाने?

रात्रपाळी:
कोड बरोबर आहे रे. सुरुवातीच्या आकड्यांतून फक्त वाढीचा वेग कळतो, किती दिवस पसरवतो ते वेगळं शोधावं लागतं, म्हणजे कोणाला कोणाकडून कधी लागण झाली हे घरोघर विचारत फिरायचं, कंटाळवाणं काम आहे पण माझ्या मते भारी मॉडेलपेक्षा तेच जास्त कामाला येतं. आणि ६ किंवा १५ हे बेडचे आकडे नाहीतच, त्यातले किती अ‍ॅडमिट होणार आणि किती दिवस राहणार ते धरायचं राहिलंय. आयसीयूतला पेशंट लवकर सुटत नाही, त्यामुळे बेडचं पीक केसेसच्या पीकनंतर येतं. केसेस उतरल्या म्हणून लगेच वॉर्ड आवरला की फसलात.

जुनी_वही:
आलेख जुळला म्हणजे मॉडेल खरं, असंही नाही हं. हे मॉडेल मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या पेपरात मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंवर हे गणित बसवून दाखवलंय, आणि बसतंही मस्त. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो आणि त्या समीकरणात ना उंदीर ना पिसवा 😄

आलेखवेडा:
म्हणजे काय, हे सगळं सोडूनच द्यायचं का?

तिसरी_लाट:
सोडू नको, प्रश्न बदल. पीक किती हे विचारण्यापेक्षा दोन उपायांत कोणता बरा हे विचार. संपर्क एक चतुर्थांश कमी केले तर तुझा २ चा १.५ होतो आणि १.५ चा जेमतेम १.१, दोन्हीकडे पीक खूप खाली येतं, म्हणजे कोणता आर नॉट खरा हे न कळताही तो निर्णय घेता येतो. जिथे उत्तर बदलतं, उदा. तात्पुरतं हॉस्पिटल उभारायचं की नाही, तिथे वरच्या टोकाची तयारी ठेव आणि दर आठवड्याला आकडे परत बसव. शिवाय लोक घाबरले की आपणहून भेटीगाठी कमी करतात, साध्या एसआयआरमध्ये ते येतच नाही. २०१४ ला इबोलासाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने काढलेलं की काहीच केलं नाही तर जानेवारी २०१५ पर्यंत लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये १४ लाखांपर्यंत केसेस जातील, शेवटी गिनी धरून साधारण २८,६०० नोंदल्या गेल्या. लोक म्हणाले मॉडेल फेल, पण "काहीच केलं नाही तर" हे वाचलंच नाही कोणी.

रात्रपाळी:
+१. तरी त्यातला सगळाच फरक उपायांमुळे पडला असंही समजू नको, ते मॉडेल वाढ घातांकी (म्हणजे ठरावीक दिवसांनी दुप्पट होत जाणारी) धरून पुढे ओढलेलं होतं. तुझ्या कोडमध्ये वयोगट वेगळे केलेस का? म्हातारे आणि मुलं एकाच डब्यात असतील तर अ‍ॅडमिटचा आकडा काढूच नको.

आलेखवेडा:
नाही, सगळे एकाच डब्यात आहेत 🙈 आज रात्री वेगळे करतो.